वळसा

आमच्या डोळखांब भागातल्या शेतात उभं राहून पूर्वेला बघितलं की सह्याद्रीची भिंत दिसते. त्या भिंतीच्या माथ्यावर घाटघर. तिथं माझी आत्या दिलेली. चोंढ्याच्या घाटानं चढलं तर पायी अडीच-तीन तासांची वाट. आमचे वडील डोक्यावर मीठ नि सुकट घेऊन वर जायचे, उतरताना नाचणी, वरई आणायचे. शाळेत असताना मीही त्यांच्या मागं चढलोय.

आता गुडघे ऐकत नाहीत. गाडीनं जायचं म्हणजे शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, मग भंडारदऱ्याचं शेंडी नि तिथून धरणाच्या कडंकडंनं घाटघर. समोर दिसणाऱ्या गावाला शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा!

गंमत म्हणजे पाण्याला असा वळसा पडत नाही. २००८ साली घाटघरचा वीजप्रकल्प सुरू झाला. वर घाटघरला एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं, मधे डोंगराच्या पोटातून बोगदे. गरजेच्या वेळी पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करतात, आणि मागणी कमी असली की तेच पाणी पंपानं परत वर चढवतात. पाणी सरळ चढतं-उतरतं, माणसानं मात्र घोटीवरून जायचं.

थोरला मुलगा डोंबिवलीला नोकरीला असतो. काही वर्षांमागं त्यानं गाडी घेतली, तेव्हा जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, आम्ही दोघं निघालो. शेंडी सोडल्यावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झालं. आधी घाटघरच्या कोकणकड्यावर थांबलो. खाली आपला शहापूर तालुका ताटात वाढल्यासारखा दिसतो. मी मुलाला बोट करून आपलं शिवार दाखवत होतो, तो म्हणाला, "बाबा, इथून तर हाक मारली तरी आईला ऐकू जाईल."

तिथून साम्रदवरून रतनवाडीकडं निघालो तर रस्ता म्हणजे मुरूम आणि उघडी पडलेली खडी. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. मुलगा वैतागला, मला मात्र बरं वाटलं. बैलगाडीच्या चालीनं चाललं की जंगल दिसतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, कारवीचं रान, डाव्या-उजव्या हाताला डोंगराचे सुळके. अमृतेश्वराचं देऊळ बघून परत घाटघरला यायला अंधार पडला.

आणि काजवे सुरू झाले. एक अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. मुलाला मी दिवे बंद करायला सांगितले. आम्ही गप उभे राहिलो. काजव्याचा नर उजेड करून मादीला बोलावतो, तेवढ्या थोड्या दिवसांत त्यांचा संसार व्हायचा असतो. एवढ्यात मागून सात-आठ गाड्या आल्या, दिवे भगभगीत, गाणी मोठ्यानं. झाडं विझली. लखलखाट गेला तो गेलाच.

घरी आल्यावर मी आतेभावाला म्हटलं, "दादा, हा रस्ता असाच खराब राहू दे. चांगला झाला तर सगळी मुंबई इथं येईल."

त्यानं तंबाखू मळता मळता माझ्याकडं बघितलं. "आरं, तुझा काजवा वाचंल. माझ्या सुनंला कळा लागल्या तव्हा झोळी करून नेली आम्ही. पोर वाटंतच झालं. तव्हा कुठं व्हता तुझा काजवा?"

मला उत्तर सुचलं नाही. वहिनीनं भाकरी वाढली, विषय तिथंच राहिला.

चोंढ्याच्या घाटातून गाडीरस्ता व्हावा, ही मागणी मी फार वर्षं ऐकतोय. झाला तर मी तासाभरात आतेभावाच्या दारात असेन. पण माझ्या मागं कल्याण-डोंबिवलीच्या गाड्याही तासाभराच्या अंतरावर आल्या. डोंगर फोडताना जी झाडं जातील, ती परत लावून येणारी नाहीत. शेतकरी असल्यानं एवढं कळतं की रोप लावलं म्हणजे जंगल होत नाही.

तरीपण रस्ता खराब ठेवून जंगल राखायचं, हे काही खरं नाही. त्याची किंमत वरची माणसं भरतात आणि मजा आपण बघतो. दुखणेकऱ्याची गाडी आणि काजवे बघायला आलेली गाडी एक नव्हे. वरच्या गावांतला आहे तो रस्ता नीट करा, दवाखान्याची गाडी रात्रीबेरात्री दारापर्यंत जाऊ द्या. पाहुण्यांच्या गाड्या मात्र अंधार पडायच्या आत नाक्यावर अडवा, पुढं चालत न्या. गावातली पोरं वाटाड्या होतील, दोन पैसे त्यांच्या हातात पडतील.

हे मी दादाला नंतर फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "नाक्यावर बसणारा माणूस गावातला असंल तरच हे व्हईल." मला ते पटलं.