हत्याराची जात

आपल्या सभेत शिक्षणावर बोलणं होतं, राखीव जागांवर होतं. हत्यारांवर होत नाही. ज्या पोराला नोकरी लागलीच नाही त्याच्या हातात काय आहे, हे कोणी पाहत नाही. माझ्या हातात चार इंची ग्राइंडर आहे आणि तेरा एमेमची ड्रिल मशीन. वरवट बकालात गेट-खिडक्या करतो.

बापाच्या हातात कुऱ्हाड होती. वाड्यावर लग्न निघालं की लाकडं फोडायला त्यानं जायचं. मजुरी नाही, भाकर, तीही उरलेली. बा म्हणे, "कुऱ्हाड दारात ठेवू नको लेका, दिसली का सांगावा येते." ग्राइंडरला असा सांगावा येत नाही. गिऱ्हाईक आडनाव विचारतेच, खोटं कायले बोलू? पण फूट मोजते आणि पैसे देते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४३ साली वीज धोरणाच्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडंच होतं. वीज स्वस्त अन् भरपूर पाहिजे, उद्योगाबिगर गरिबी हटत नाही, हा त्यांचा हिशेब. जयंतीला आपण फोटोवर लायटिंग करतो अन् ही गोष्ट सांगत नाही.

आता मशीन घेणाऱ्यानं रंग पाहू नये. कार्बन ब्रश, आर्मेचर शेगाव-खामगावात मिळते का, ते पाहावं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरते. चकतीवर लिहिलेले फेरे मशीनपेक्षा कमी नकोत. चकती फुटली तर तोंडात घुसते, म्हणून गार्ड काढायचा नाही. आधी एकच मशीन, तिच्या कमाईवर दुसरी.

१७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना काढली. अठरा धंदे, औजारासाठी १५,००० रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. पण यादी वाचा: चांभार, न्हावी, परीट, कुंभार. पिढीजात धंदा करणाऱ्यालेच ते पैसे. म्हणजे रापीवाल्याच्या पोराला पुन्हा रापीच! तामिळनाडूनं २०२४ मध्ये हे याच कारणानं नाकारलं. मी म्हणतो, पैसा जरूर घ्या, तो आपलाच आहे. पण त्या पैशातून पोराला मोटर बांधणं शिकवा.

जुनं हत्यार मात्र फेकू नका. लाइन गेली की हातचंच कामी येते. शेजारच्या काकाच्या रापीनं मी ट्यूबमधून मोटरपंपाचे वायसर कापतो. तसं रबर कोणतीच मशीन कापत नाही. झिजलेल्या कानशीचं टोक घासून गंज खरवडतो. आपल्या खारपाणपट्ट्यात गंजाला तोटा नाही. फक्त कानशीवर हातोडा मारू नका, कडक असते, तुकडा डोळ्यात उडते. अन् बापाची कुऱ्हाड? तिचं पातं लिंबाच्या ओंडक्यात ठोकून रोवलं. मागची जाड बाजू वर आली, तिच्यावर पट्ट्या सरळ करतो. बा येऊन पाहून गेला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच दोन पट्ट्या ठोकत बसला होता.

ड्रिल शिकायची असेल त्यानं रविवारी विहारामागच्या शेडात यावं. पोरींनीही. चष्मा ज्याचा त्यानं आणावा, माझ्याकडे एकच आहे.