नातू पास झाला की ताप आला?

तुमच्या घरी ऐकायला कमी येणारं कोणी वडीलधारं माणूस आहे का? आमच्या असोद्याच्या घरी नाना आहेत. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी दारातूनच ओरडलो, "नाना, नातू पास झाला!" नाना घाबरून म्हणाले, "ताप आला? कधीपासून?" सगळं घर हसलं. मीही हसलो. त्या दिवसापासून नाना चारचौघांत बसेनात.

पुढे डेव्हिड लॉज या इंग्रज लेखकाची 'डेफ सेन्टेन्स' ही २००८ सालची कादंबरी हाती आली. नावातच कोटी आहे. 'डेथ सेन्टेन्स' म्हणजे मृत्युदंड. ऐकण्यात जरा चूक झाली की झाली बहिरेपणाची शिक्षा! नायक डेस्मंड बेट्स भाषाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. गोंगाटात एका तरुणीचं बोलणं कळत नाही, म्हणून तो नुसती मान डोलावतो आणि नकळत तिला भेटायचं कबूल करून बसतो. त्याचे म्हातारे वडीलही कमी ऐकतात. लॉज यांना स्वतःलाच ऐकू कमी येत असे. म्हणून तिथलं हसू दुसऱ्यावरचं नाही, स्वतःवरचं आहे. आमचं हसू मात्र नानांवरचं होतं.

वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क ही व्यंजनं निसटतात, स्वर मात्र कानावर पडतात. 'पास'मधला 'आ' पोचला, बाकी नानांनी अंदाजानं भरलं. ओरडून स्वरच मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाही. समोर बसा, चेहरा उजेडात ठेवा, सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगा. वर्गात सारखं "काय सर?" विचारणाऱ्या मुलालाही रागावण्याआधी पुढच्या बाकावर बसवा आणि त्याचे कान तपासून घ्यायला पालकांना सांगा.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी कान देऊन ऐकली, टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ साली पुस्तकात आली. त्याच गावात राहून आपण आपल्या म्हाताऱ्यांचं किती ऐकतो?

परवा नानांच्या समोर बसून सावकाश सांगितलं, "नाना, नातवाला अकरावीला प्रवेश मिळाला."

नाना म्हणाले, "म्हणजे ताप उतरला म्हणायचा!"

या वेळी आधी हसले ते नानाच.