लाल रेघ

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं कधीच नसायची. असायच्या त्या गोळ्या. तापाच्या, पित्ताच्या, ह्यांच्या गुडघ्यांच्या, आणि कुणाच्या कुठल्या आजारातून उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. नातवंडं त्याला ‘आजीचा दवाखाना’ म्हणायची. मला त्या नावाचा थोडा अभिमानच होता, खोटं कशाला सांगू?

टाकून काही द्यायचं नाही, ही आमच्या पिढीची सवय. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून त्यांची नवी वही शिवणाऱ्या घरात मी वाढले. त्यामुळे डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की उरलेल्या चार गोळ्या डब्यात. लागतील कधीतरी!

तर गोष्ट २०२२ च्या श्रावणातली. माझ्या धाकट्या जावेला लघवीला जळजळ होत होती, अंगात कसकस होती. असलं दुखणं आम्ही बायका आधी डॉक्टरांना सांगत नाही, एकमेकींना सांगतो. तिने मला फोन केला. आदल्या वर्षी मला हेच झालं होतं आणि डब्यात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या शिल्लक होत्या. मी रिक्षा करून त्या तिला नेऊन दिल्या. “सकाळ-संध्याकाळ एकेक घे. उष्ण पडतात, म्हणून दुधाबरोबरच घे,” असं बजावलंसुद्धा. ती म्हणाली, “ताई, तुम्ही आहात म्हणून बरं.”

तिला मधुमेह आहे, ती रोज ग्लिमेपिराइडची गोळी घेते, हे मला ठाऊक होतं. पण त्या गोळीचा आणि या गोळ्यांचा काही संबंध असेल, हे मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. बरं नसतानाही तिने उपास मोडला नाही, आणि मधुमेहाची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. दुपारी भावोजी बघतात तर ती घामाने डबडबलेली, काहीतरी असंबद्ध बोलतेय. पुतण्याने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर ४२! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती हळूहळू माणसं ओळखायला लागली. मी पोहोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, “नवीन कुठलं औषध घेतलं होतं का?” भावोजींनी खिशातून पट्टी काढून दिली.

“हे कुणी लिहून दिलं?”

“मी दिलं,” मी म्हणाले. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून मी मुलांना प्रश्न विचारले. पण उत्तर देताना मान खाली जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पट्टीच्या डाव्या कडेवरची लाल रेघ दाखवली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, अशी ती खूण. आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये या रेघेची मोहीमसुद्धा काढली होती. जन्मभर मुलांच्या चुकांखाली लाल रेघा ओढणाऱ्या बाईला ही एवढी रेघ दिसली नव्हती.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, त्यात ग्लिमेपिराइडही आली, एकत्र घेतल्या तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. वय जास्त आणि पोटात अन्न नाही, मग तर बघायलाच नको. माझा दुधाचा सल्लाही उलटाच. दुधातल्या कॅल्शियमला हे औषध चिकटून बसतं आणि अंगात कमी शोषलं जातं. कॅल्शियमच्या, लोहाच्या आणि पित्ताच्या काही औषधांचंही तेच. शिवाय साठीच्या पुढच्या माणसांना या जातीच्या औषधांनी स्नायूबंध, विशेषतः टाचेमागचा, दुखावण्याचा किंवा तुटण्याचा धोका जास्त असतो. स्टेरॉइड चालू असेल तर आणखी वाढतो. तिथे दुखू लागलं तर अंगावर काढायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

तीन दिवसांनी लघवीचा कल्चर रिपोर्ट आला. तिला झालेले जंतू या औषधाला दादच देत नव्हते. म्हणजे मी दिलेल्या गोळ्यांचा उपयोग शून्य, आणि अपाय जिवावर बेतणारा. रिपोर्ट बघून दिलेल्या दुसऱ्या औषधाने ती बरी झाली.

त्या रात्री मला माझा वर्ग आठवला. पेनिसिलिनची गोष्ट मी किती रंगवून सांगायची! १९२८ साल, फ्लेमिंगसाहेबांची बशी, तिच्यावर आलेली बुरशी, आणि पुढे १९५५ पासून आपल्या पिंपरीत तयार होऊ लागलेलं पेनिसिलिन. मुलं डोळे मोठे करून ऐकायची. पण १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या व्याख्यानात याच फ्लेमिंगनी धोक्याची सूचना दिली होती. माणसं स्वतःच्या मनाने अपुरं औषध घेतील, त्यात जंतू मरणार तर नाहीतच, उलट औषधाला दाद देईनासे होतील, अशी. हा भाग मी एकदाही सांगितला नाही. कारण मलाच तो माहीत नव्हता. अर्धी गोष्ट शिकवली आणि अर्धी पट्टी साठवली!

काटकसर आणि दुसऱ्याच्या अडीनडीला धावून जाणं, हे दोन्ही गुण आईने लावलेले. पण अँटिबायोटिकच्या बाबतीत ते दोन्ही घातक, हे पटायला मला जाऊबाईचा तो घामाघूम चेहरा आठवावा लागतो. आता डॉक्टरांनी जितक्या दिवसांच्या गोळ्या लिहिल्या तितक्याच आणते आणि तितके दिवस घेते. लवकर बरं वाटलं म्हणून मनाने थांबवत नाही, लांबवतही नाही. अंगावर पुरळ उठलं किंवा काही वेगळं वाटलं तर आधी त्यांनाच विचारते.

डबा अजून तिथेच आहे. त्यात आता थर्मामीटर असतो आणि एक छोटी वही. वहीत आम्हा दोघांच्या रोजच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, वळणदार अक्षरात. दवाखान्यात जाताना ती पिशवीत टाकते.

जाऊबाईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. परवा तिचा फोन आला. सर्दी-खोकला झाला होता. सवयीने म्हणाली, “ताई, डब्यात आहे का काही?”

“डबा आहे, गोळ्या नाहीत,” मी म्हटलं. “तयार होऊन बस. मी येतेय, आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ.”

डॉक्टरांनी तपासलं आणि वाफ घ्या, आराम करा म्हणाले. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, ती विषाणूंमुळे होते. आम्ही दोघी रिकाम्या हातांनी आणि हसत घरी आलो.