होकायंत्र घेऊन अष्टमीत

कोकणात जाणाऱ्या माणसाला रोहे ठाऊक असते ते स्टेशन म्हणून. पनवेलकडून येणारी मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पण कुंडलिकेच्या एका तीराला रोहे आणि दुसऱ्या तीराला अष्टमी अशी ही जोडगावे आहेत आणि दोहोंची नगरपरिषद एकच आहे, हे किती प्रवाशांना माहीत असेल? मला माहीत होते. कारण अष्टमी हे आमच्या सौभाग्यवतींचे माहेर. मात्र मेहुण्यांनी घर विकून मुंबई गाठली, त्याला वीस वर्षे झाली. तेव्हापासून 'अष्टमीला जाऊ या' असे हिने एकदाही म्हटले नव्हते.

गेल्या डिसेंबरात भाच्याने तो योग आणला. हा काही वर्षे नोकरीनिमित्त स्वीडनला होता, आणि तिथून एक खेळ शिकून आला. हाती नकाशा व होकायंत्र घ्यायचे आणि रानात ठेवलेल्या खुणा हुडकत धावायचे. 1919 साली मेजर किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ तरुणांना असे रानात पळवले आणि खेळ बहरला. 1961 साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटनाही निघाली. तिकडे आजोबांपासून नातवांपर्यंत सारे खेळतात.

"मग आपण मामींच्या अष्टमीत खेळू!" भाचा म्हणाला.

सगळे हिच्या तोंडाकडे पाहू लागले.

"अहो, पण माझा गुडघा धावू देईल का?" ही म्हणाली. 'नको' म्हणाली नाही, हे मी मनात टिपून ठेवले.

भाच्याने आदल्या दिवशी गाव पालथे घालून नकाशा काढला. एका सेंटिमीटरला शंभर मीटर. नारिंगी-पांढऱ्या कापडाच्या खुणा बांधल्या. जवळच्या खुणेला दहा गुण, लांबच्या खुणेला पन्नास. वेळ दीड तास. उशिराच्या दर मिनिटाला पाच गुण वजा. आणि मुख्य अट अशी, की चमूतल्या चौघांनी प्रत्येक खुणेपाशी एकत्रच पोचायचे. एकट्याने पुढे पळून उपयोग नाही.

आमच्या चमूत मी, ही, आमची कन्या आणि भाच्याचा आठवीतला मुलगा. हा चिरंजीव आमचा सेनापती. उत्तरेकडे अवचितगडाचा डोंगर धरून त्याने नकाशा सुलटा केला आणि "चला!" म्हणून धूम ठोकली.

नदीकाठाने निघालो. डिसेंबर असूनही कुंडलिकेला पाणी होते. त्याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणात अडवलेले मुळेचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत येते. ते वीजघर 1927 पासून चालू आहे. एरवी बंगालच्या उपसागराला जायचे पाणी असे रेवदंड्याच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. मी हे सांगत होतो, पण सेनापतींना पाण्यापेक्षा खुणेची काळजी!

तासाभरात एकशेदहा गुण झाले. पन्नासची खूण पुलापलीकडे, रोह्याच्या बाजूला होती. तिकडे वळतो, तोच एका ओट्यावरून आवाज आला, "कुणाकडची गं तू?"

ही थबकली. क्षणभर काही बोललीच नाही. मग हलकेच म्हणाली, "मास्तरांची थोरली."

"मास्तरांची? अगं, मग उन्हात काय उभी? वर ये!"

"आजी, वीसच मिनिटे उरली!" सेनापती कळवळले. हिने एकदा पुलाकडे पाहिले, एकदा ओट्याकडे, आणि मग माझ्याकडे. मी ओट्याची पायरी चढलो. नियमच होता, चौघांनी एकत्र!

पाण्याबरोबर गुळाचे खडे आले. कोण गेले, कोण कुठे आहे, सारी उजळणी झाली. म्हातारबाईंनी बोटाने दाखवले, तिथे शेजारी दुमजली इमारत उभी होती. हिच्या माहेरच्या घराचा मागमूस नव्हता; परसातली चिंच मात्र तशीच होती. ही उठून तिच्यापाशी गेली आणि बुंध्यावर हात टेकून बराच वेळ उभी राहिली. कुणीही घड्याळ पाहिले नाही; सेनापतींनीसुद्धा.

आम्ही अकरा मिनिटे उशिरा पोचलो. पंचावन्न गुण गेले, पंचावन्न राहिले, आणि शेवटचा नंबर आला. भाच्याने नकाशा तपासायला घेतला, तर त्यावर पेन्सिलीने एक जास्तीचे वर्तुळ काढलेले. आत लिहिले होते, 'आजीची चिंच'.

"ही खूण मी लावलेली नाही," भाचा म्हणाला.

"मग पुढच्या वर्षी लाव," चिरंजीव म्हणाले, "शंभर गुणांची."

परतीच्या गाडीत ही खिडकीशी बसली होती. नागोठणे येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "अहो, चैत्रात चिंचा पिकतात. जाऊ या?"