शून्य, पंचवीस आणि तीनशे

ऑनसाइट राहून आलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एक कर्ज असतं. तिकडे कोणीतरी आपल्याला स्वतःच्या गाडीतून फिरवलेलं असतं. गावातलं चर्च, टेकडीवरचा किल्ला, झालंच तर आजीच्या हातचा केक, सगळं अगदी कौतुकाने दाखवलेलं असतं. आणि निघताना आपण मोठ्या तोंडाने म्हणून आलेलो असतो, "मुंबईला आलास की सांग, मी फिरवतो!" आपल्याला वाटतं, कशाला येतोय हा. पण हे लोक येतात हो! डिसेंबरात येतात, आणि दोन महिने आधी ईमेल पाठवून, तारखा पक्क्या करून येतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेला मित्र जर्मन. त्याला आपण एच म्हणू. पहिला दिवस सोपा गेला, कारण दक्षिण मुंबई ही डेमोसाठी तयारच असते. व्हीटी स्टेशन (हो, सीएसएमटी. जीभ वळत नाही अजून) 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या इमारती 2018 मध्ये गेल्या. माणूस वर बघत चालतो, फोटो काढतो, खूश होतो. गेटवेवर सातआठ जणांनी त्याला "वन सेल्फी सर" म्हणून धरलं, तेही त्याने आनंदाने केलं. नवव्याला तो थोडा थकला. टॅक्सीवाल्याने माझ्याशी बोलताना एक आकडा सांगितला आणि एचकडे नजर गेल्यावर दुसरा. असो, हे आपल्याला पाठच आहे.

रात्री जेवताना एच म्हणाला, "आज तू मला बरंचसं ब्रिटिशांच्या काळातलं दाखवलंस. तू राहतोस तिथे काय आहे?"

आता मी राहतो बोरिवलीला. उपनगरातल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर पटकन सुचत नाही. आपल्याकडे स्टेशन आहे, मॉल आहेत, सोसायट्या आहेत, हायवे आहे. पण खरं पाहिलं तर आपल्याकडे जे आहे ते व्हीटीपेक्षा हजार-दोन हजार वर्षं जुनं आहे. अंधेरीला महाकालीची लेणी, जोगेश्वरीला जोगेश्वरीची, बोरिवलीला मंडपेश्वर आणि नॅशनल पार्कच्या पोटात कान्हेरी. म्हटलं, कान्हेरी.

आईला सांगितलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कान्हेरी? तिथे काय आहे रे बघायला? माकडं?" आई तीस वर्षं बोरिवलीत राहते.

मी आदल्या रात्री बसून स्वतःचीच केटी करून घेतली. परदेशी पाहुण्याला अशा ठिकाणी न्यायचं तर गाइड, नकाशा आणि माहितीपत्रक हे तिन्ही रोल आपल्यालाच करावे लागतात हे अनुभवाने माहीत होतं. एच अंधेरीच्या हॉटेलातून मेट्रो 7 ने थेट 'राष्ट्रीय उद्यान' स्टेशनला उतरला. पार्कच्या गेटवर एक तिकीट, मग आत सहा-सात किलोमीटर गेल्यावर लेण्यांचं वेगळं तिकीट. त्या दुसऱ्या तिकिटाचा दर असा: भारतीयांना रोख 25 रुपये, परदेशी पाहुण्यांना 300, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. (घारापुरीला हेच 40 आणि 600.)

मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. पण त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. जॉर्डनला पेट्रा बघायला परदेशी माणूस 50 दिनार देतो आणि तिथला माणूस 1. लूव्रमध्ये सव्विशीच्या आतल्या युरोपीय रहिवाशाला फुकट, आपल्याला नाही. जगात हे चालतं. एच फक्त एवढंच म्हणाला, "ठीक आहे, मी बारा पट दिलेत. मग मी बारा पट प्रश्न विचारणार." :)

आणि विचारले की हो!

डोंगराच्या अंगावर शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षं बौद्ध भिक्षूंनी वापरलेली. एच विचारतो, एवढ्या कामाला पैसे कोणी दिले? उत्तर भिंतीवर ब्राह्मीत लिहिलेलं आहे. व्यापाऱ्यांनी दिले. सोपारा, कल्याण अशा बंदरांतून आलेल्या लोकांनी गुहा, बाक, पाण्याची टाकी दान केली आणि आपलं नाव कोरून ठेवलं. कल्याण! तेच आपलं कल्याण, जिथून रोज सकाळी माणसं दाराला लटकून येतात. एच विचारतो, एवढी माणसं डोंगरावर पाणी कुठलं पीत होती? तर बघ, खडकात पन्हळी कोरल्या आहेत, पावसाचं पाणी त्यातून टाक्यांत उतरतं. शिलालेखात या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. ज्या उपनगरात मार्च उजाडला की सोसायटीच्या वॉट्सॅप ग्रुपवर टँकरवरून भांडणं सुरू होतात, त्याच उपनगरात हे!

तीन नंबरच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना साधारण 7 मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. तिथे एच बराच वेळ काही बोललाच नाही.

मग वर चढून नव्वद नंबरचं लेणं. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे. इथे येऊन गेलेल्या पारशी लोकांनी स्वतःची नावं आणि तारखा लिहून ठेवल्यात. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे पर्यटकच! मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. वाटेत एका खडकावर बदाम आणि त्यात दोन नावं कोरलेली होती. एचने आधी त्या बदामाकडे बोट दाखवलं, मग लेण्याकडे, आणि विचारलं, "मग यातलं कशाचं रक्षण करायचं, हे कुठे लिहिलंय?" जर्मन विनोद असाच असतो, सरळ चेहऱ्याने केलेला. पण प्रश्न बरोबर आहे. संरक्षित स्मारकाचा तो निळा बोर्ड तुम्ही शेकडो ठिकाणी पाहिला असेल. 1958 चा कायदा, नासधूस केल्यास शिक्षा किती, दंड किती, सगळं आहे. तुम्ही उभे आहात ते नक्की काय आहे, हे त्या बोर्डावर बहुतेक वेळा नसतं.

याच ट्रिपमध्ये दुसऱ्या एका प्रसिद्ध ठिकाणी (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते ठिकाण कुठलंही असू शकतं) ऑनलाइन तिकिटाला भारतीय नंबरवरच ओटीपी येणार होता, स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. मी एचसमोर शरमेने लाल. आणि तेव्हाच लक्षात आलं की माझ्या मागे रांगेत दोन काकू उभ्या होत्या. त्यांना काहीच नवल वाटलं नव्हतं. त्या आपापसात म्हणाल्या, "चला, स्टेशनवर जाऊ."

हेच मला तेव्हापासून टोचतंय. त्या कुलपाची लाज मला पाहुण्यामुळे वाटली. तो नसता तर मीही "चला, स्टेशनवर जाऊ" म्हटलं असतं. परदेशी माणूस आयुष्यात एकदा येतो, दोन तास त्रास सहन करतो आणि घरी जाऊन गंमत म्हणून सांगतो. रोजचा त्रास त्या काकूंना आहे. या सगळ्या ठिकाणी गर्दी कोणाची असते? आपलीच. फलक नसला तर आपल्याला कळत नाही, पाणी नसलं तर आपले आईबाबा तहानलेले राहतात. पण आपण पंचवीस रुपयांत डोंगर, हवा आणि फोटो मिळाले म्हणून समाधानी.

कान्हेरीला त्या दिवशी एका शाळेची सहल आली होती. पाचवी-सहावीतली मुलं असतील. त्यातल्या एकाने मोठ्या बुद्धाकडे मान वर करून विचारलं, "सर, हे कोणी बनवलं?" अगदी तोच प्रश्न, जो पाच मिनिटांपूर्वी एचने विचारला होता. सर घाईत होते. म्हणाले, "पांडवांनी. एका रात्रीत. चला, डबे काढा." आणि तो मुलगा डबा काढायला गेला.

आता बघा. एकच प्रश्न, एकच जागा. तीनशे रुपयेवाल्याला उत्तर मिळालं, कारण त्याचा यजमान रात्रभर वाचून आला होता. शून्य रुपयेवाल्याला पांडव मिळाले. त्याचं घर कदाचित दहिसरला असेल, मागाठाण्याला असेल. डोंगर खरं तर त्याचा आहे. पण बाराव्या वर्षी त्याला एवढंच कळलं की विचारून काही उपयोग नसतो. अजून तीस वर्षांनी तोही पोळी खाता खाता म्हणेल, "तिथे काय आहे बघायला? माकडं?"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. युजरने बग लॉग केला नाही तर तो बग नाही. मग प्रॉडक्शनमध्ये काहीही जळत असो, डॅशबोर्ड हिरवागार. आपल्या पर्यटनस्थळांचं तेच झालंय. पिझ्झा दहा मिनिटं उशिरा आला तर आपण चॅटवर भांडतो, एक स्टार देतो, रिफंड घेतो. कुलूप लागलेल्या स्वच्छतागृहाबद्दल मात्र कधी कोणी तक्रारवहीत दोन ओळी लिहिल्यात? कोणी विचारलंय, की इथे मराठीत चार वाक्यं का नाहीत? पैसे नाहीत हे उत्तर येईलही. येऊ दे. ते उत्तर तरी आपल्याला दिलं गेलं पाहिजे.

म्हणून माझी एक साधी सूचना. परदेशी पाहुण्याची वाट बघू नका. त्याच्यासाठी जी तयारी करतो ती एकदा घरच्यांसाठी करा. आदल्या रात्री वाचा, पाण्याच्या बाटल्या भरा आणि तीनशे रुपये दिल्यासारखे प्रश्न विचारा, तिकीट पंचवीसचं असलं तरी. सोमवार सोडून जा, सोमवारी पार्क बंद असतो.

एच परत गेल्यावर जानेवारीत मी आईबाबांना कान्हेरीला घेऊन गेलो. बाबा टाक्यांपाशीच रमले, पाणी कुठून कुठे जातं ते बोटाने दाखवत बसले. आई कल्याणच्या व्यापाऱ्यांचं ऐकून म्हणाली, "म्हणजे तेव्हापण कल्याणहून एवढं लांब यायचे?" आणि उतरताना तिने तिकीट खिडकीपाशी थांबून तिथल्या माणसाला विचारलं, "अहो दादा, इथे माहितीचं छोटं पुस्तक मिळतं का, मराठीत?"

मागे रांगेतले दोनतीन जण मान पुढे काढून उत्तराची वाट बघत होते.