बोटांनी वाचायचे कार्ड

मुलांनो, तुमच्या घरी एखादी जुनी लग्नपत्रिका नक्की असेल. ती शोधून काढा. डोळे मिटा आणि तिच्यावरून हळूच बोट फिरवा. वधूवरांच्या नावांची अक्षरे बोटाला लागतात का? काही पत्रिकांत कागदच मागून दाबून वर उचललेला असतो. काहींत अक्षरांवर चकाकणारा थर असतो. ओल्या शाईवर राळेसारखी बारीक पूड टाकतात व ती तापवतात. पूड वितळते, फुगते आणि अक्षर कागदाच्या वर येते. या दोन्ही कामांना आपण उठावाचे काम म्हणू. मी तुम्हांला सांगणार आहे नाताळच्या कार्डांविषयी. पण पत्रिका हाताशी असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

'नाताळ' हा आपला शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. नाताळची कार्डे मात्र इंग्लंडमधून आली. १८४० साली तेथे एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लोक भराभर पत्रे लिहू लागले. लंडनचे हेन्री कोल यांना नाताळात इतकी पत्रे येत, की उत्तरे लिहायला त्यांना सवड होईना. १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. मधोमध जेवायला बसलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसे, असे ते चित्र होते. सुमारे १००० कार्डे छापली आणि हाताने रंगवली. एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. टपालखर्चाच्या बारापट किमतीचे कार्ड! गरिबांना ते परवडणारे नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

मी मुंबईत माझगावला वाढले. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरची मुलगी माझ्याच वयाची. ती मराठी शाळेत, मी उर्दू शाळेत. पण संध्याकाळचा खेळ एकत्र. तिच्या घरी डिसेंबर लागला, की भिंतीच्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक दोरा बांधत आणि आलेले प्रत्येक कार्ड त्या दोऱ्यावर टांगत. हे काम माझ्या मैत्रिणीकडे होते. कोणते कार्ड कोणी पाठवले, ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या ऐटीत सांगे.

१९८६ च्या पावसाळ्यात डोळ्यांच्या आजाराने तिची दृष्टी गेली. तेव्हा आम्ही सातवीत होतो. तिची शाळा सुटली. त्या डिसेंबरातही पोस्टमनने कार्डे आणली. तिने एक हातात घेतले, त्यावरून तळवा फिरवला. मग दुसरे घेतले, मग तिसरे. सगळी सारखीच गुळगुळीत. ती आईला म्हणाली, "मम्मी, या वर्षी दोरा नको बांधूस."

आंटींनी कार्डे कपाटात ठेवून दिली. कोणी काही बोलले नाही. मी घरी आले तेव्हा अब्बा एका लग्नाची पत्रिका वाचत होते. मी ती हातात घेतली आणि माझे बोट सोनेरी नावावर थांबले.

त्या आठवड्यात मी काय काय केले, ते आता सांगते. तुम्हांलाही ते करता येईल. कार्डासाठी ड्रॉइंगचा जाड कागद घ्या. फार पातळ कागद उठाव काढताना फाटतो आणि फार जाड असला तर तो उठतच नाही. एका बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चांदणी काढा आणि ती कापून काढा, म्हणजे पुठ्ठ्यात चांदणीच्या आकाराची खिडकी तयार होईल. हा पुठ्ठा दिवसा खिडकीच्या काचेवर चिकटवा. त्यावर कार्डाचा कागद धरा. कार्डाची पुढची बाजू पुठ्ठ्याकडे, मागची तुमच्याकडे. उजेडामुळे चांदणी कागदातून दिसेल. आता शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा विणकामाच्या सुईच्या बोथट बाजूने तिच्या कडेकडेने दाबत जा. कागदाला आधी मेणबत्ती घासली, तर टोक छान घसरते. कागद उलटा केलात, की चांदणी वर आलेली दिसेल.

ठशासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. भेंडी आडवी कापा. तिला साधारणपणे पाच कडा असतात, म्हणजे पाच कोनांची चांदणी आयतीच मिळाली. कापलेला भाग थोडा वेळ वाळू द्या, नाहीतर चिकट रस रंगात उतरतो. अम्मी म्हणाली, "भाजीची भेंडी खेळायला नेलीस, आता जेवायला काय तुझी कार्डे वाढू?" दुसरा ठसा खोडरबराचा. कागदावर मऊ पेन्सिलने चित्र काढायचे आणि तो कागद रबरावर दाबायचा. चित्र रबरावर उलटे उतरते, आणि ठसा उलटाच हवा असतो. मग भोवतालचे रबर पात्याने काढून टाकायचे. पाते हाताळताना घरातले मोठे माणूस जवळ असू द्या. अक्षरांच्या ठशात एक गंमत आहे. उर्दू 'ईद' कोरायची असेल, तर ठशावर ती डावीकडून सुरू होते आणि मराठी 'नाताळ' उजवीकडून!

पण ठसा डोळ्यांसाठी असतो. शाई वाळली, की बोटाला काहीच कळत नाही. म्हणून मी ठशांच्या जागी कागदाचे आणि इतर वस्तूंचे तुकडे चिकटवू लागले. येशूचा जन्म गोठ्यात झाला असे ख्रिस्ती लोक मानतात, आणि नाताळात घरोघर त्या गोठ्याचा देखावा करतात. मी गोठ्याचे छप्पर पुठ्ठ्याच्या आतल्या नालीदार कागदाचे केले, त्यावर केरसुणीच्या काड्या लावल्या. मेंढीला कापूस. जमिनीला सुताराकडचा पॉलिश पेपर. वर उठावाची मोठी चांदणी.

पूर्वेकडून तीन ज्ञानी पुरुष त्या चांदणीच्या मागे आले, अशी कथा आहे. त्यांच्यासाठी मी एकापुढे एक असे तीन उंट उठावात काढले. ते उंट पाहून अब्बांनीसुद्धा शाबासकी दिली होती. मैत्रिणीने बोट फिरवले आणि विचारले, "हे डोंगर कशाला?"

आम्ही दोघी खूप हसलो. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसली होती. पण मी तुम्हांला हे सांगते आहे ते हसण्यासाठी नव्हे. डोळा सगळे चित्र एकदम पाहतो. बोट एका वेळी टिचभर जागा पाहते आणि तुकडे मनात जोडत जाते. एकावर एक आलेले पाय त्याला कळत नाहीत. जवळजवळच्या दोन रेषा त्याला एकच वाटतात. पुढचा उंट तिने सांगितला तसा काढला: एकच उंट, चारी पाय सुटे, वर एकच मोठा उंचवटा, आणि भोवती पुष्कळ मोकळी जागा. माझ्या डोळ्यांना तो उंट काही खास दिसत नव्हता. तिने मात्र तो लगेच ओळखला.

मग तीच म्हणाली, "बाकीची कार्डे कुठे आहेत? ती पण आण."

कपाटातली कार्डे बाहेर आली. ती तर छापील आणि सपाट. आम्ही प्रत्येकाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याची एक खूण चिकटवली. वसईच्या मावशीच्या कार्डाला केळीच्या वाळलेल्या सोपाचा तुकडा. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाला सुतळीची गाठ. डॉक्टरांना बँडेजची पट्टी. बेकरीवाल्या चाचांना चार तीळ, कारण त्यांच्या नानकटाईपेक्षा त्यांचा तिळाचा पाव तिला आवडे. माझ्या कार्डावर उठावाची चंद्रकोर. दोरा बांधला गेला. त्या नाताळात ती पुन्हा त्याच ऐटीत, एकेका कोपऱ्याला हात लावून, कोणते कार्ड कोणाचे ते सांगत होती. चाचांचे तीळ मात्र मुंग्यांनी नेले.

ती चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता तिच्याकडे बोलणारा फोन आहे. कोणी शब्दांत शुभेच्छा लिहिल्या, तर फोन तिला वाचून दाखवतो. कोणी नुसते रंगीत चित्र पाठवले, तर पुष्कळदा तो फक्त 'चित्र' एवढेच म्हणतो. ती सांगते, "ईदला, दिवाळीला, नाताळला मला पन्नास 'चित्र' येतात." तुमच्या ओळखीचे कोणी दृष्टिहीन असेल, तर चित्राबरोबर दोन ओळी लिहीत जा.

छापील कार्डावरची अक्षरे बोटांनी वाचण्याची एक जुनी हकिकत आहे. पॅरिसमध्ये व्हॅलेंटाइन हाउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली होती. त्यांच्या एका अंध विद्यार्थ्याच्या हाती एक छापील कार्ड आले. छापताना दाब जास्त पडल्यामुळे त्यावरचे अक्षर मागच्या बाजूला उठले होते. मुलाने बोट फिरवून ते अक्षर ओळखले, असे सांगतात. मग हाउई यांनी १७८६ साली उठावाच्या अक्षरांचे पुस्तक छापले. ती पुस्तके जड होती, आणि मोठमोठी अक्षरे चाचपत वाचायला फार वेळ लागे. त्याच शाळेत पुढे लुई ब्रेल शिकायला आला. त्याचा जन्म १८०९ चा. वडील घोड्यांची खोगिरे बनवत. तीन वर्षांचा असताना त्यांच्या हत्याराने खेळताना त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. तीन टिंबे डावीकडे, तीन उजवीकडे. त्यांतली काही उठवायची, काही सोडायची. अशा ६३ खुणा होतात.

१९८७ च्या जूनमध्ये माझी मैत्रीण दादरच्या अंध मुलींच्या शाळेत जाऊ लागली आणि हीच लिपी शिकली. सुट्टीत घरी आली, की ती मला शिकवी. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवतात आणि बोथट सुईने मागून एकेक टिंब टोचतात. टिंब पुढच्या बाजूला उठते. म्हणजे आपल्या चांदणीसारखेच! मागून लिहायचे असल्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते. कागद उलटला, की डावीकडून उजवीकडे वाचायचे. तिच्या वर्गातल्या मुलींना सुरुवातीला हे फार अवघड गेले होते. मला नाही. लिहायचे उर्दूसारखे आणि वाचायचे मराठीसारखे, यात मला काय अवघड? मी तर रोज शाळेत दोन्ही दिशांना जात होते, जसे आज तुम्ही जाता.

याहून मोठी गंमत पुढे आहे. १९५१ साली आपल्या देशातल्या भाषांसाठी भारती ब्रेल ठरवण्यात आली. तिच्यात सारख्या उच्चारांना सारखी खूण आहे. उर्दूचा 'बे' आणि मराठीचा 'ब', दोन्हींना तीच दोन टिंबे. 'लाम' आणि 'ल' एकच. 'मीम' आणि 'म' एकच. कागदावर या दोन लिप्या एकमेकींना ओळखतही नाहीत. बोटाखाली त्यांची कितीतरी अक्षरे एक होतात. आणि ब्रेलमधली उर्दू डावीकडून उजवीकडे वाचतात, हे ऐकून आमच्या उर्दूच्या उस्तादांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले होते.

१९८८ ची रमजान ईद मे महिन्यात आली. मैत्रीण उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच होती. शीरखुर्मा घेऊन मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने माझ्या हातात एक पांढरे कार्ड ठेवले. वर उठावाची चंद्रकोर, तिच्याजवळ चांदणी. आत एकही शाईचे अक्षर नाही, नुसती टिंबे. "वाच," ती म्हणाली, "घाई नाही."

पांढऱ्या कागदावरची पांढरी टिंबे सरळ पाहिली तर दिसत नाहीत. मी कार्ड खिडकीशी तिरपे धरले, म्हणजे प्रत्येक टिंबाची बारीक सावली पडली. अक्षरांचा तक्ता मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर जुळवत बसले. ती शेजारी बसून शीरखुर्मा खात होती. पहिली ओळ 'ईद मुबारक' होती, ती लवकर लागली. दुसऱ्या ओळीला माझी अर्धी दुपार गेली. ती अशी होती: 'मागच्या वर्षी खारीक कमी होती.'