पैसे जवळ आले का पॅक कधी करावं?

पोकरच्या स्पर्धेत समजा १०० खेळणारे, बक्षिसं १५. सोळावा रिकाम्या हातानं घरी. म्हणून १६ जण उरले का ज्याच्यापुढं टोकनांचा ढीग, तो सगळं लावून दाबते. त्याले परवडते. आपण मधले असलो तर बऱ्या पत्त्यावरही पॅक करावं. टोकन दुप्पट झाले म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, गेले तर सगळंच जाते.

आपल्या जवाहरनगरकडं धानाचंही तसंच. ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले का कापणी धरा. थांबून वजन थोडंच वाढते. दाणा झडला, धान लोळलं तर हंगाम गेला. दहा एकरवाला थांबू शकते, दोन एकरवाल्यानं त्याची नक्कल करू नये.

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. हिशेब तेवढा घ्या.